मामाचं डोपामाइन बेचाळीस

गेल्या दिवाळीत मामेभावाने मामाला मनगटावर बांधायचा एक पट्टा आणून दिला. मामा सत्तरीचा, सांगलीला असतो, पार्किन्सन्स होऊन पाच वर्षं झाली, उजवा हात थरथरतो, सकाळची गोळी घेतली की तासाभरात अंग मोकळं होतं आणि दुपारी दीडच्या आसपास परत गाडी अडकते. पट्ट्यासोबत फोनमधे ॲप आलं, त्यात पावलं, झोप, नाडी वगैरे आणि सगळ्यात खाली एक निळी चकती, चकतीत लिहिलेलं "डोपामाइन बॅलन्स ४२". घरात केमिस्ट्री शिकलेला मी एकटाच, म्हणून फोन मला. "अरे, हे बेचाळीस म्हणजे चांगलं का वाईट? आणि कमी असेल तर गोळी अर्धी वाढवू का?"

पहिल्या प्रश्नाला मी हसलो, दुसरा ऐकून हसू गेलं.

कारण मामाचं काहीच चुकलेलं नव्हतं. त्याचा आजार डोपामाइन हे मेंदूतलं रसायन कमी पडण्याचाच आहे हे त्याला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलंय, त्याची गोळी म्हणजे लेव्होडोपा, मेंदूत गेल्यावर तिचंच डोपामाइन होतं, हेही त्याला पाठ आहे. मग हातावरचं मशीन म्हणतंय डोपामाइन बेचाळीस, तर माणूस गोळीचा विचार करणारच ना. पट्ट्याच्या खालच्या बाजूला एक हिरवा दिवा आहे, तो कातडीतून नाडी बघतो, बस. रसायन मोजायला जे लागतं त्यातलं काहीही त्यात नाही. नाडी, झोप आणि दिवसभरात फोन किती वेळा उघडला यावरून एक आकडा बनवायचा, त्याला डोपामाइनचं नाव द्यायचं, आणि खोक्यावर मुंगीच्या अक्षरात छापायचं की हे वेलनेस प्रॉडक्ट आहे, वैद्यकीय उपकरण नाही. झालं, हात वर.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या मशीनवर, ॲपवर किंवा रिपोर्टवर मेंदूतल्या रसायनाचं नाव घेऊन आकडा दाखवला जातो त्याला कायद्याने वैद्यकीय तपासणीच समजावं, वेलनेसच्या लेबलाची पळवाट बंद व्हावी आणि आकडा खरा आहे हे दाखवून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची असावी. मी काही यंत्रांच्या विरोधात नाहीये, उलट हे मोजणं किती अवघड आहे ते थोडंफार स्वतःच्या हाताने करून बघितलंय म्हणून बोलतोय.

आता खरं मोजतात कसं ते सांगतो, कारण त्याशिवाय पट्ट्याची गंमत कळणार नाही. डोपामाइन हे रसायन इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या माणसाला मदत करणारं आहे, म्हणजे कार्बनच्या तारेवर थोडं व्होल्टेज दिलं की त्याचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि त्याचं क्विनोन नावाचं दुसरं रसायन होतं, सोडलेल्या इलेक्ट्रॉनचा करंट मोजला की रसायन किती होतं त्याचा अंदाज येतो. मेंदूतली निरोप नेणारी दुसरी रसायनं, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन, तीही अशीच. त्याच कामाचे ग्लुटामेट, ॲसिटाइलकोलिन, गाबा मात्र असे सहज इलेक्ट्रॉन सोडत नाहीत, त्यांच्यातल्या पहिल्या दोघांना आधी एन्झाइम लावून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करावं लागतं आणि ते मोजावं लागतं. गाबाचं तर अजूनच कठीण. त्यामुळे या सगळ्या धंद्यात डोपामाइन लाडकं.

१९७० च्या सुरुवातीला अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड सरळ उंदराच्या मेंदूत ठेवला आणि १९७३ मधे त्याचा पेपर आला. सिग्नल मस्त येत होता. नंतर कळलं की सिग्नलमधला मोठा भाग डोपामाइनचा नव्हताच, तो होता ॲस्कॉर्बिक ॲसिडचा. म्हणजे व्हिटॅमिन सी. म्हणजे आपलं लिंबू-आवळा! उंदीर स्वतःच्या शरीरात व्हिटॅमिन सी बनवतो, आपण खातो, पण दोघांच्याही मेंदूत ते भरपूर साठवलेलं असतं आणि ते जवळजवळ त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं. मेंदूतल्या पेशींबाहेरच्या पाण्यात ॲस्कॉर्बेट काहीशे मायक्रोमोलर आणि डोपामाइनची लहर आली तरी दहा-वीसपासून काहीशे नॅनोमोलर (नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग), म्हणजे तीन हजार पानाच्या लग्नात एकाच माणसाची कुजबुज ऐकायची आणि बाकीचे सगळे त्याच सुरात बोलतायत अशी अवस्था. या क्षेत्रातली सगळ्यात हुशार माणसं, हातात उत्तम उपकरणं, आणि तरी त्यांना आधी लिंबूच ऐकू आलं. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, उलट पुढची दहा-पंधरा वर्षं ती निस्तरण्यात घालवली. फ्रान्समधे फ्रान्स्वा गोनाँ यांनी कार्बन फायबरवर प्रक्रिया करून दोन्ही सिग्नल वेगळे काढले, तरी १९८० मधल्या त्यांच्या पेपरच्या नावातच प्रश्नचिन्ह होतं की हे डोपामाइन आहे का त्याचं मोडून झालेलं डोपॅक. पेपरच्या नावात प्रश्नचिन्ह टाकणारा माणूस आणि चकतीत ४२ टाकणारी कंपनी, तुम्हीच ठरवा कुणावर विश्वास ठेवायचा ते.

मग आली फास्ट स्कॅन सायक्लिक व्होल्टामेट्री. नाव भीतीदायक आहे पण काम असं. साधारण सात मायक्रॉनची कार्बनची तार, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी, तिच्यावर व्होल्टेज उणे ०.४ पासून अधिक १.३ पर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, वेग सेकंदाला ४०० व्होल्ट, म्हणजे सगळा फेरा साडेआठ मिलीसेकंदात संपतो, आणि असे फेरे सेकंदाला दहा. प्रत्येक रसायनाचा करंट जरा वेगळ्या आकाराचा येतो, त्या आकारावरून ओळख पटवायची. इंग्लंडमधे ज्युलियन मिलर यांनी सुरू केलेली ही पद्धत नॉर्थ कॅरोलिनाच्या मार्क वाइटमन यांच्या लॅबने पुढे नेली, आणि २००३ मधे तर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कोकेनसाठी दांडी दाबायच्या आधीच्या क्षणी उंदराच्या मेंदूत डोपामाइनची लहर उठते, एका सेकंदाच्या आतबाहेरची.

पण इथे एक मेख आहे आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तीच. एवढ्या वेगाने व्होल्टेज फिरवलं की तार स्वतःच चार्ज होते आणि तिचा करंट डोपामाइनच्या करंटपेक्षा कितीतरी मोठा असतो. मग काय करतात, तर थोड्या वेळापूर्वीचा करंट आत्ताच्या करंटातून वजा करतात. वजाबाकी केल्यावर उरतो तो फक्त बदल. म्हणजे जगातली ही नावाजलेली पद्धत, मेंदूत तार घालून, नेहमीच्या वापरात एवढंच सांगते की मघापेक्षा आत्ता डोपामाइन इतकं वाढलं किंवा कमी झालं. एकूण किती आहे हे ती सांगतच नाही! त्यासाठी वेगळे खटाटोप करावे लागतात. आणि मामाचा पट्टा बाहेरून, कातडीवरून, हिरव्या दिव्याने, "एकूण ४२" सांगतो. माप तरी काय? बेचाळीस नॅनोमोलर? टक्के? शेर?

माणसात हे झालंय का, तर झालंय, पण कुठल्या परिस्थितीत ते बघा. पार्किन्सन्सच्या पेशंटची डीप ब्रेन स्टिम्युलेशनची, म्हणजे मेंदूत खोल विजेची तार बसवायची सर्जरी बऱ्याचदा जागं ठेवून करतात, कवटीला भोक असतंच, इलेक्ट्रोड आत जाणारच असतो, तेव्हा पेशंटच्या परवानगीने काही मिनिटं मोजणीची तारही आत ठेवली. रीड मॉन्टेग्यू आणि केनेथ किशिदा यांच्या गटाने २०११ मधे पहिला प्रयोग छापला आणि २०१६ मधे १७ पेशंटचा. ऑपरेशन टेबलवर पडल्या पडल्या पेशंट शेअर बाजारासारखा एक खेळ खेळत होते, किती पैसे लावायचे, किती राखायचे. तोपर्यंतची समजूत अशी की डोपामाइनची लहर म्हणजे मिळेल वाटलं त्यापेक्षा जास्त मिळालं की वर आणि कमी मिळालं की खाली. इथे दिसलं की त्यात अजून एक हिशेब मिसळलेला असतो, आपण वेगळा डाव खेळलो असतो तर काय झालं असतं हा. म्हणजे नफा झाला, पण सगळे पैसे लावले असते तर अजून झाला असता, ही जी चुटपुट आपल्याला लागते तीसुद्धा त्या लहरीत आहे. मला हा निकाल फार सुंदर वाटतो. सेकंदाच्या आतला हिशेब आहे हा, मेंदूच्या एका छोट्या कोपऱ्यातला, आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याच वेळी वेगळं काही चालू असू शकतं. याचा दिवसाचा सरासरी आकडा काढणं म्हणजे भीमसेन जोशींच्या मैफिलीचा सरासरी आवाज किती डेसिबल होता ते सांगण्यासारखं. आकडा निघेल. त्यावरून राग कोणता होता ते सांगून दाखवा.

आता कोणी म्हणेल पट्टा भंपक असेल, पण लघवीची तपासणी तर खरी लॅबमधे होते, तिथे तर डोपामाइन, सेरोटोनिन सगळं मोजून देतात, काही ठिकाणी पूर्ण पॅनेल विकतात आणि वर त्यानुसार सप्लिमेंटही. मोजतात हे खरं, प्रश्न एवढाच की कुठलं मोजतात. लघवीतलं बरंचसं डोपामाइन किडनीत तयार होतं, रक्तातून आलेल्या डोपापासून किडनी ते स्वतःच बनवते, मीठ बाहेर टाकायच्या कामासाठी. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यात असतं आणि रक्तातलं प्लेटलेटमधे भरलेलं. आणि मेंदू आणि रक्त यांच्यामधे जी भिंत आहे ती डोपामाइन ओलांडू शकत नाही, म्हणून तर पार्किन्सन्सला डोपामाइनची गोळी देत नाहीत, लेव्होडोपा देतात, ती ओलांडते. याचा रोखठोक पुरावा हवा असेल तर आयसीयूत बघा, बीपी पडलं की डोपामाइनचं ड्रिप लावतात, त्याची पाच मिलीची ॲम्प्यूल येते २०० मिलीग्रॅमची, मी हिशेब केला तर त्या ॲम्प्यूलमधलं डोपामाइन मेंदूतल्या एका लहरीपेक्षा साधारण वीस लाख पट दाट भरतं. ड्रिप लावलेला एकही पेशंट त्यामुळे आनंदाने गायला लागलेला मी ऐकलेलं नाही. केळ्यातही डोपामाइन असतं, सालीत तर भरपूर, इतकं की १९८५ मधे दोन संशोधकांनी केळ्याचाच गर इलेक्ट्रोडवर लावून डोपामाइनचा सेन्सर बनवला आणि त्याला बनानाट्रोड असं नाव दिलं (खरंच). केळं चिरल्यावर काळं पडतं ते ज्या एन्झाइमने, तेच एन्झाइम तिथे कामाला लावलं होतं. पण केळं खाऊन मूड येतो म्हणणाऱ्यांनी जळगावकरांना विचारावं, भाव पडला की त्या डोपामाइनचा काही उपयोग होतो का ते.

लघवीच्या तपासणीचा खरा उपयोग आहे आणि तो फार मोठा आहे, फक्त तो मूडचा नाही. लहान मुलांमधल्या न्यूरोब्लास्टोमा नावाच्या कॅन्सरमधे व्हीएमए आणि एचव्हीए म्हणजे ॲड्रेनॅलिन-डोपामाइन मोडून झालेले पदार्थ वाढतात, ॲड्रेनल ग्रंथीच्या एका गाठीत ॲड्रेनॅलिनपासूनच झालेले मेटानेफ्रिन वाढतात, कार्सिनॉइड गाठीत सेरोटोनिन मोडून झालेलं पाच-एचआयएए वाढतं, आणि त्या तपासणीआधी केळी, अननस, अक्रोड खाऊ नका असं सांगतात कारण त्यातलं सेरोटोनिन रिपोर्ट बिघडवतं. हे मोजायची जुनी भरवशाची पद्धत म्हणजे एचपीएलसी (कॉलम नावाच्या नळीतून रसायनं वेगळी करणारं यंत्र) आणि त्याच्या टोकाला इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर, आणि ती रुळवणाऱ्यांत पीटर किसिंजर होते, तेच जे ॲडम्स यांच्या १९७३ च्या उंदरावाल्या पेपरमधे होते. मेंदूत व्हिटॅमिन सीने दगा दिला, मग त्यांनी काय केलं, तर आधी कॉलममधे सगळी रसायनं वेगळी केली आणि मग एकेकाला इलेक्ट्रोडसमोर आणलं. रांगेत या, गर्दी करू नका. रेशनच्या दुकानासारखं. पण मनगटावर कॉलम बसत नाही ना.

आता माझं पाप. मी एमएस्सीनंतर तीन वर्षं एका लॅबमधे होतो, नाव सांगत नाही, आणि तिथे मी पण डोपामाइनचा सेन्सर बनवलाय. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड घ्यायचा, ॲल्युमिनाच्या पावडरीने कापडावर इंग्रजी आठचा आकडा काढत घासायचा, त्यावर ग्राफीन ऑक्साइडमधे मिसळलेल्या कसल्यातरी नॅनोकणांचा एक थेंब टाकायचा, वाळवायचा, आणि पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमधे बुडवून डोपामाइन वाढवत न्यायचं, ग्राफची सरळ रेष आली की चहा. डोपामाइनचं द्रावण सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत तपकिरी होतं म्हणून रोज ताजं करायचं, आणि दहा-बारा रीडिंगनंतर इलेक्ट्रोडवर त्याचीच साय धरते म्हणून परत घासायचं. शेवटी पेपरमधे एक भाग लागतोच, "रिअल सॅम्पल". त्यासाठी मेडिकलमधून तीच ती ॲम्प्यूल आणायची, लाखो पट पातळ करायची, आणि मोजून दाखवायचं की आम्ही घातलं तेवढंच सापडलं, ९८ ते १०२ टक्के. सापडणारच की! बफरमधे दुसरं होतंच कोण? शेवटच्या ओळीत लिहायचं की हा सेन्सर पार्किन्सन्सच्या निदानासाठी उपयोगी पडेल. मी ते वाक्य लिहिलंय. तेव्हा मामाला पार्किन्सन्स झाला नव्हता.

असे पेपर ढिगाने निघतात, आपल्याकडेही आणि बाहेरही, कारण पीएचडीला पेपर लागतात, बढतीला पेपर लागतात आणि डोपामाइन म्हटलं की विषय भारी वाटतो. त्यात शिकायला मिळतं हे मान्य, माझे हात तिथेच बसले. पण त्या शेवटच्या वाक्याचं पुढे काय होतं ते आम्ही कधी बघितलं नाही. ते वाक्य कुठल्यातरी स्टार्टअपच्या स्लाइडवर जातं, तिथून जाहिरातीत, तिथून मामेभावाच्या मोबाइलवर. म्हणून नुसतं कंपन्यांना शिव्या देऊन मला मोकळं होता येत नाही.

मग लोक विचारतात, शुगरचं मशीन घरोघरी चालतं की, तेही इलेक्ट्रोकेमिकलच आहे, डोपामाइनचं का नको? चांगला प्रश्न आहे. १९६२ मधे लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज इलेक्ट्रोडवर लावायची कल्पना मांडली, तिथून आजच्या पट्टीपर्यंत यायला काही दशकं लागली. आणि ग्लुकोजच्या बाजूने सगळंच होतं. त्यालाच ओळखणारं एन्झाइम आहे, रक्तात ते उपाशीपोटीसुद्धा पाच मिलिमोलरच्या आसपास म्हणजे भरपूर असतं, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरला जे हवंय ते रक्तातलंच ग्लुकोज हवंय, दुसरीकडचा अंदाज बांधायचा नाहीये. तरीसुद्धा काय झालं बघा. काही मशीनमधल्या पट्टीचं एन्झाइम माल्टोज नावाच्या दुसऱ्या साखरेला पण ग्लुकोज समजायचं, पोटाच्या डायलिसिसमधे आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण वापरलेल्या पेशंटच्या रक्तात ते माल्टोज असायचं, मशीन शुगर जास्त दाखवायचं, मग इन्सुलिन दिलं जायचं, आणि प्रत्यक्षात शुगर खाली गेलेली. २००९ मधे अमेरिकेच्या एफडीएने इशारा काढला तेव्हा अशा १३ मृत्यूंची नोंद होती. रेग्युलेटरने पास केलेलं, वर्षानुवर्षं वापरातलं मशीन होतं ते, पट्ट्यासारखं हवेतलं नव्हे. कोविडमधे घराघरात ऑक्सिमीटर आला, आशाताईंनी तो हातात घेऊन वस्त्या पालथ्या घातल्या, त्याने जीवही वाचले, पण २०२० च्या शेवटी अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की काळ्या पेशंटमधे कमी झालेला ऑक्सिजन त्याच्या नजरेतून सुटायचं प्रमाण गोऱ्या पेशंटच्या जवळजवळ तिप्पट होतं. सावळ्या कातडीच्या देशात याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असो.

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं, सॉफ्टवेअरसकट, औषधांच्या कायद्याखाली आणलीत, धोक्याप्रमाणे ए पासून डी पर्यंत वर्ग पाडलेत. गोम अशी की उपकरण कशासाठी आहे ते बनवणारा सांगणार. तो म्हणाला निदानासाठी, तर कायदा लागू, तो म्हणाला तंदुरुस्तीसाठी, तर सुटला. म्हणजे चोरानेच सांगायचं की मी कुठल्या कलमात बसतो. अमेरिकेत एफडीएने फेब्रुवारी २०२४ मधे सांगून टाकलं की सुई न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, वापरू नका. का, तर चुकीच्या आकड्यावर लोक औषध कमी-जास्त करतील. मामाची गोळी यापेक्षा वेगळी आहे का? लेव्होडोपा जास्त झाली की अंग आपोआप वळायला लागतं, भास होऊ शकतात, बीपी पडतं, म्हातारा माणूस बाथरूममधे पडला की खुब्याचं हाड. तेव्हा माझी मागणी एवढीच की उत्पादकाचा हेतू बाजूला ठेवा, पडद्यावर कुठला शब्द आहे तो बघा. डोपामाइन, सेरोटोनिन, कॉर्टिसॉल असा शब्द आणि शेजारी आकडा दिसला की वैद्यकीय उपकरण, विषय संपला. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापा की हे कशात मोजलं, घामात, रक्तात का फक्त नाडीवरून अंदाज बांधला, आणि व्हिटॅमिन सी, पॅरासिटामॉल, युरिक ॲसिड असताना तपासलं का. नाडीवरून अंदाज असेल तर त्याला नाडीच म्हणा ना बाबांनो.

याला माझा एक मित्र, स्टार्टअपवालाच आहे, चिडून म्हणाला की असे नियम लावले तर छोटी माणसं मरतील, परवान्याचा खर्च फक्त मोठ्यांना परवडतो आणि खरं काम पण थांबेल. त्याचं निम्मं बरोबर आहे. परवान्याची रखडपट्टी मी पण ऐकलीये. पण खरं काम कसं असतं त्याचं एक उदाहरण त्याच्याच क्षेत्रात आहे. कॅलिफोर्नियात जोसेफ वांग यांच्या लॅबने बोटाच्या टोकाच्या घामातून लेव्होडोपा मोजायचा सेन्सर केला, टायरोसिनेज एन्झाइम वापरून, म्हणजे परत ते केळं काळं करणाऱ्या घराण्यातलंच. फरक काय बघा. ते मेंदूचं डोपामाइन मोजतो म्हणत नाहीत, ते गोळीतलं औषध मोजतात, जे पोटातून रक्तात आणि रक्तातून घामात येतं, आणि गोळी घेतल्यावर आकडा वर जातो का, रक्ताशी जुळतो का हे तपासता येतं. मामाची दुपारची गाडी का अडकते, जेवणातल्या वरण-उसळीतलं प्रोटीन गोळीला आतड्यात आडवं येतं का, का डोसच लवकर संपतो, हे त्यातून कधीतरी कळेल. गंमत म्हणजे आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतो हे मद्रासमधल्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मधेच दाखवलेलं, आणि आज कितीतरी पार्किन्सन्सचे पेशंट डॉक्टरला न सांगता याच बियांची, म्हणजे कवचबीजाची पावडर गोळीच्या जोडीला घेतात, एका पुडीत किती आणि दुसरीत किती ते कुणालाच माहीत नसतं. अशा ठिकाणी स्वस्त इलेक्ट्रोड खरंच कामाचा आहे, पुडीत किती लेव्होडोपा आहे ते तालुक्याच्या गावात मोजून सांगणारा. यात स्टार्टअपवाल्याला फंडिंग मिळत नाही कारण यात मूड नाही, सक्सेस नाही, डिटॉक्स नाही. सरकारने पैसा घालायचा तर इथे घालावा आणि अशा माणसाला परवाना लवकर आणि स्वस्तात द्यावा, मी मित्राच्या बाजूने अर्ज लिहायला तयार आहे.

दुसरी भीती मला पट्ट्यापेक्षा मोठी वाटते. आज मामा स्वतःहून घालतो, उद्या कंपनी म्हणेल सगळ्या ड्रायव्हरनी घाला, कॉल सेंटरवाल्यांनी घाला, विमावाला म्हणेल घातला तर प्रीमियम कमी. आकडा खोटा असला तरी नोकरी खरी जाते. हे मी उगाच घाबरवत नाहीये, आपल्या महाराष्ट्रातच झालंय. २००८ मधे पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या बीईओएस चाचणीचा निकाल पुराव्यात धरला गेला, यंत्र म्हणे सांगतं की माणसाला ती घटना "अनुभवाने" आठवते. शास्त्रज्ञांमधे त्याला मान्यता होती म्हणाल तर जगभरातून टीका झाली. मग २०१० मधे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं सांगितलं. चांगलं झालं, पण "संमतीशिवाय" या शब्दात सगळं आलं. साहेबाने फॉर्म पुढे केल्यावर संमती न देणारा नोकर मी तरी बघितलेला नाही. आणि २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात तर नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला संमतीची गरजच नाही अशी सोय कलम ७ मधे ठेवलीये, आणि आरोग्याची माहिती जास्त नाजूक म्हणून वेगळी ठेवण्याची जुनी तरतूदही त्यात नाही.

बाहेर थोडं चाललंय. चिलीने २०२१ मधे मेंदूच्या माहितीचं रक्षण घटनेतच घातलं, अमेरिकेत कोलोराडो आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मधे न्यूरल डेटाचे कायदे केले. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक मोठं भोक आहे, मज्जासंस्थेव्यतिरिक्तच्या माहितीवरून बांधलेला अंदाज त्यात धरत नाहीत. म्हणजे मेंदूला खरंच तार लावणारा अडकेल आणि नाडीवरून "डोपामाइन" छापणारा सुटेल! खरं मोजणाऱ्याला बंधन आणि थापा मारणाऱ्याला रान मोकळं. आपण कॉपी करणार असू (करतोच आपण) तर निदान हे भोक बुजवून करावी, आणि नोकरी, विमा, शाळा, पोलीस या चार ठिकाणी असला आकडा मागायलाच बंदी घालावी, संमती असो वा नसो.

मामाला मी गोळीला हात लावू नको म्हणून सांगितलं आणि एक दोनशे पानी वही आणून दिली. उठल्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला मोकळा का अडकलेला एवढंच लिहायचं, आणि गोळी कधी, जेवण कधी. पंधरा दिवसांनी न्यूरॉलॉजिस्टनी ती वही दहा मिनिटं चाळली आणि दुपारची गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी ढकलली. पट्ट्याबद्दल मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, त्यात एकच प्रश्न लिहिला की बेचाळीस काय. नोंदणी क्रमांक आलाय, उत्तर यायचंय. पट्टा मामाने नातवाला देऊन टाकला, तो दिवसभर गल्लीत क्रिकेट खेळतो आणि त्याचं डोपामाइन सध्या एकाहत्तर आहे, नॉट आउट.